सात दिवसांच्या श्रमसंस्कार शिबिराबद्दल तात्यांना आभाराचे पत्र

आदरणीय तात्या,

साष्टांग नमस्कार.

आमच्या महाविद्यालयाच्या राष्ट्रीय सेवा योजनेचे विशेष श्रमसंस्कार शिबिर तुमच्या गावात पार पडले. समारोपाच्या कार्यक्रमात सरपंच, मुख्याध्यापक, आरोग्य केंद्राचे कर्मचारी आणि देवस्थानचे मानकरी यांचे आभार रीतसर मानले गेले. तुमचे नावही त्या यादीत होते. पण तुम्ही आमच्यासाठी नेमके काय केलेत हे सांगायला तिथे वेळ नव्हता आणि विद्यापीठाला पाठवायच्या अहवालात तसा रकाना नाही. म्हणून हे पत्र लिहीत आहे. ते उघडपणे लिहिण्याचे कारण एवढेच की, दर हिवाळ्यात जिल्ह्यातल्या कितीतरी गावांत अशी शिबिरे भरतात, आणि एखाद्या गावाने शिबिराला मदत करायची म्हणजे जागा, पाणी नि जेवणाची व्यवस्था करून द्यायची, अशी आपली सर्वांचीच समजूत असते. तुम्ही केलेली मदत त्या जातीची नव्हती. आमचा आठवडा तुम्ही गावाच्या दिनक्रमात बसवून दिलात.

ग्रामीण डाक सेवक म्हणून तुम्ही सायकलने आणि चढणीला पायी सगळ्या वाड्या पालथ्या घातल्या आहेत, हे आम्हाला पहिल्या भेटीत कळले होते. त्याचा अर्थ मात्र तुम्ही आमच्या छापील वेळापत्रकावर पेन्सिल फिरवलीत तेव्हा उमगला. सकाळी प्रभातफेरी, मग श्रमदान, दुपारी बौद्धिक, संध्याकाळी सर्वेक्षण आणि रात्री सांस्कृतिक कार्यक्रम हा शिबिराचा ठरलेला साचा आहे, आणि तो स्वयंसेवकांच्या दृष्टीने सोयीचाही आहे. तुमचा प्रश्न एकच होता: त्या वेळेला गावातले माणूस कुठे असते? भाताची झोडणी आटोपली असली तरी आंबा-काजूच्या बागांची साफसफाई चालू असते, म्हणजे पुरुषमंडळी दुपारी घरी सापडणार नाहीत. गुरे नऊच्या आत रानात जातात, तेव्हा अकरा वाजता ठेवलेल्या पशुचिकित्सा शिबिराला रिकामे गोठे पाहावे लागले असते. बायकांना दुपारची भांडी आणि संध्याकाळचे पाणी यांच्यामध्ये जेमतेम तासभर मोकळा मिळतो. तुम्ही पशुचिकित्सा सकाळी साडेसातला आणलीत, महिला मेळावा साडेतीनला ठेवलात, आणि बौद्धिक सत्र भजन संपल्यावर देवळाच्या सभामंडपातच घ्यायला लावलेत, कारण तिथे माणसे आधीच बसलेली असतात. वक्त्याला वीस मिनिटांपेक्षा जास्त वेळ द्यायचा नाही, ही अट तुमचीच. ती आमच्या काही पाहुण्यांना फारशी रुचली नाही, पण श्रोत्यांपैकी कोणी उठून गेले नाही, एवढे मी आवर्जून नोंदवते.

गुरांचेच उदाहरण सांगते. लाळ्या-खुरकुतावर एकदा रोग जडल्यावर नेमका इलाज नाही, लस वेळेवर टोचून घेणे हाच उपाय आहे, हे पशुवैद्यकीय अधिकारी दरवेळी सांगतात, तरी लसीकरणाला गुरे येत नाहीत अशी त्यांची नेहमीची तक्रार असते. त्या सकाळी तुम्ही स्वतः वाडीच्या तोंडाशी उभे राहून एकेक गोठा हाकारलात आणि कोणत्या घरची गाय मारकी आहे हे मुलांना आधीच सांगून ठेवलेत. दाव्याला धरलेली गाय शांत कशी ठेवायची, हे शहरात वाढलेल्या आमच्या मुलांनी तुमच्याकडून पाहिले. त्यातल्या एकीने नंतर दिवसभर आपल्या हातावरचा शेणाचा डाग कौतुकाने सगळ्यांना दाखवला.

आता बंधाऱ्याविषयी सविस्तर लिहिते, कारण शिबिराची खरी कमाई तीच आहे.

सिंधुदुर्गात वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो आणि तरीही मार्च-एप्रिलमध्ये बायका हंडा घेऊन लांब जातात, याचे बाहेरच्या माणसाला नवल वाटते. सह्याद्रीपासून समुद्रापर्यंतचे अंतर थोडे, उतार तीव्र, आणि खाली सच्छिद्र जांभा. त्यामुळे पाणी वरून धावते किंवा आतून निसटते. वनराई बंधारा हा त्यावरचा साधा आणि स्वस्त उपाय. सिमेंटच्या रिकाम्या गोण्यांत माती-रेती भरून, तोंडे शिवून, त्यांची वहाळात, म्हणजे ओढ्यात, आडवी भिंत रचायची आणि पावसाळ्यानंतरचे उरलेसुरले वाहते पाणी अडवायचे. पहिल्या शिबिरार्थींपासून आजपर्यंत आमच्या योजनेने हे काम इतक्या ठिकाणी केले आहे की ते करण्यात विशेष काही उरले नाही असे वाटावे. जागा निवडणे हे मात्र विशेष काम आहे, आणि ते तुम्ही केलेत.

साकवाजवळची, म्हणजे वहाळावरच्या लहान पुलाजवळची, जागा सर्वांना पसंत होती. रस्त्यापासून दोन पावलांवर, गोण्या टेम्पोने थेट काठावर आणता येतील, फलक लावायला आणि छायाचित्राला उत्तम. तुम्ही काठीने तळ ठोकून पाहिलात, एका भेगेत काठी अर्धी आत गेली, आणि तुम्ही म्हणालात, "हयसर पाणी रवाचा नाय." कातळाला भेगा असलेल्या ठिकाणी भिंत कितीही चांगली रचली तरी पाणी तिच्या खालून निघून जाते. तुम्ही दाखवलेली जागा बरीच वर होती. तिथे वहाळ अरुंद होतो, दोन्ही काठ घट्ट मातीचे आहेत, आणि मुख्य म्हणजे खालच्या वाडीची सार्वजनिक विहीर त्या जागेच्या उताराला आहे, त्यामुळे अडलेले पाणी जमिनीत मुरले तर ते विहिरीच्याच कामी येणार. तिथवर वाहन जात नव्हते. मुलांनी साखळी करून गोण्या हातोहात वर नेल्या, आणि त्या सकाळी कुरकुर करणाऱ्यांची संख्या थोडी नव्हती, हेही प्रांजळपणे सांगायला हवे.

गोणी तोंडापर्यंत भरायची नाही, म्हणजे ती टेकल्यावर पसरते आणि शेजारच्या गोणीशी मिळून बसते. दुसऱ्या थरातली गोणी पहिल्या थराच्या सांध्यावर यायला हवी. दोन ओळींच्या मधल्या पोकळीत चिकणमाती पायाने तुडवून भरायची. आणि जास्तीच्या पाण्याला मधोमध सांडवा ठेवायचा, नाहीतर ते काठ कापून निघून जाते. या चार गोष्टी अभियांत्रिकी शाखेतल्या मुलांनी पुस्तकात वाचल्या असतील. तुम्ही त्या पाण्यात उभे राहून करवून घेतल्यात, आणि सांध्यावर सांधा आलेला दिसताच ती अख्खी ओळ काढायला लावलीत. दुसऱ्या दिवशी सकाळी पाणी सांडव्यावरून वाहू लागले होते आणि दोघीजणी काठावर कपडे धूत होत्या.

याहून अवघड काम मात्र आम्हाला दिसलेच नाही. गोण्या भरायला लागणारी माती ज्या जमिनीतून घ्यायची, ती जमीन सामाईक होती, आणि कोकणातला सामाईक सातबारा म्हणजे काय हे जिल्ह्यातल्या कोणाला सांगायला नको. आजोबांच्या नावाखाली चुलतभाऊ, त्यांच्या मुली, त्यांची मुले अशी नावांची रांग असते आणि त्यातले निम्मे लोक मुंबईत. पंचायतीने हात टेकले असते तर त्यांना दोष देता आला नसता. तुम्हाला त्या प्रत्येकाचा पत्ता तोंडपाठ होता. तुम्ही दोन संध्याकाळी फोनवर बसलात, कोणाला मे महिन्यातल्या पाण्याची आठवण करून दिलीत, कोणाला त्यांच्या आईची, आणि सर्वांची संमती मिळवलीत. माती नेमकी किती खोल काढायची आणि खड्डा पुन्हा कसा सपाट करायचा, याचाही तुम्ही त्यांना शब्द देऊन ठेवला होतात आणि शेवटच्या दिवशी तो आमच्याकडून पाळून घेतलात.

सर्वेक्षणाच्या बाबतीतली एक गोष्ट मी माझ्या सहकाऱ्यांना मुद्दाम सांगते. आमच्या प्रश्नावलीत घराचे उत्पन्न हा प्रश्न सुरुवातीलाच होता. तुम्ही तो शेवटी न्यायला सांगितलात आणि पहिला प्रश्न पाण्याचा ठेवलात. पाण्यावर बोलायला कोणालाच संकोच वाटत नाही, आणि एकदा माणूस बोलता झाला की पुढचे सोपे जाते. कुलूपबंद घरांपुढे मुले नुसती फुली मारत होती. त्या घरांतले कोण गणपतीला येतात, कोण शिमग्याला येतात आणि कोण आता येतच नाहीत, ही माहिती तुम्ही दिलीत, म्हणून आमच्या तक्त्यात त्या घरांची नोंद निदान माणसांची घरे म्हणून झाली. मात्र कोणाला मुंबईहून किती पैसे येत असत, हे एका उत्साही स्वयंसेवकाने विचारले तेव्हा तुम्ही हसून विषय बदललात. माहिती गोळा करणाऱ्याने कुठे थांबावे, हे त्या मुलांना तेवढ्यात कळले.

आरोग्य तपासणीला गर्दी चांगली झाली. लेप्टोस्पायरोसिसवरचे व्याख्यान मात्र हिवाळ्यात देऊन उपयोग काय, ही शंका तुम्हीच काढलीत. उंदरांच्या मूत्रातून हा आजार पाण्यात उतरतो आणि लावणीच्या चिखलात पायाच्या जखमेवाटे माणसाला होतो; म्हणजे आठवण व्हायला हवी ती जूनमध्ये. तुमच्या सांगण्यावरून मुलांनी व्याख्यानातल्या मोजक्या सूचना शाळेच्या रस्त्याकडच्या भिंतीवर मोठ्या अक्षरांत रंगवल्या: जखम असेल तर उघड्या पायाने चिखलात उतरू नका, लावणीच्या दिवसांत ताप आला तर अंगावर काढू नका, आरोग्य केंद्रातून देतात त्या प्रतिबंधक गोळ्या चुकवू नका. आरोग्यसेविकांनी मजकूर तपासून दिला.

बाकी सोयींबद्दल लिहू लागले तर पत्र फार लांबेल. बचत गटाच्या ताईंनी रोज सकाळी केलेली उकड्या तांदळाची पेज, शाळा भरण्याआधी वर्ग मोकळे करून देण्यासाठी मुलींनी पहाटे गुंडाळलेल्या सतरंज्या, शेवटच्या रात्री आमच्या पथनाट्यानंतर गावातल्या मुलांनी सादर केलेला दशावतारातला प्रवेश, ज्याच्यापुढे आमचे पथनाट्य अगदीच फिके पडले, या सगळ्यांत तुमचा हात कुठे ना कुठे होताच.

राष्ट्रीय सेवा योजना 24 सप्टेंबर 1969 रोजी, महात्मा गांधींच्या जन्मशताब्दी वर्षात, देशातल्या 37 विद्यापीठांत सुरू झाली. स्वयंसेवकाने दोन वर्षांत 240 तास काम करायचे आणि एक सात दिवसांचे शिबिर करायचे, असा तिचा नियम आहे. "माझ्यासाठी नव्हे, तुमच्यासाठी" हे तिचे बोधवाक्य आमची मुले रोज सकाळी म्हणतात. काहीजण वाढीव गुणांसाठी येतात हे मला ठाऊक आहे आणि त्यात मला काही गैर वाटत नाही. येण्याचे कारण कोणतेही असो, आल्यावर काय पाहायला मिळते याला महत्त्व आहे. यंदाच्या तुकडीला गावाच्या उपयोगाचे काम आणि शिबिराच्या शोभेचे काम यांतला फरक पाहायला मिळाला, आणि तो दाखवणारे तुम्ही होतात. त्याबद्दल माझ्या, सर्व स्वयंसेवकांच्या आणि महाविद्यालयाच्या वतीने मी तुमचे मनापासून आभार मानते.

वनराई बंधारा एका हंगामाचा असतो. जूनचा पहिला मोठा पाऊस तो घेऊन जाणार. पुढच्या वर्षी तो कोणी बांधायचा हा प्रश्न तुम्ही समारोपाच्या आदल्या रात्री वाडीच्या बैठकीत काढलात आणि खालच्या वाडीने तो आपल्याकडे घेतला, हे ऐकून मुलांना जो आनंद झाला तो प्रशस्तिपत्राने झाला नसता. त्यांना रिकाम्या गोण्या जमवून देण्याचे काम आमच्याकडे राहील, तसे मी पंचायतीला लेखी कळवले आहे.

सोबत विहिरीच्या पाणीपातळीची नोंदवही पाठवत आहे. गाठी मारलेली दोरी तुमच्याकडे आहेच. ठरल्याप्रमाणे दर शनिवारी सकाळी, बायकांनी पाणी भरायच्या आधी, कठड्यापासून पाण्यापर्यंतचे अंतर मोजून तारखेसह लिहावे, ही विनंती. बंधारा नसलेल्या वरच्या वाडीच्या विहिरीसाठी शेवटची पाने राखून ठेवली आहेत, म्हणजे दोन्हींची तुलना करता येईल. परीक्षा संपल्यावर एप्रिलच्या अखेरीस चार-पाच विद्यार्थी नोंदी उतरवून घ्यायला येतील. त्यांच्या जेवणाची तसदी घेऊ नये. ते डबा घेऊन येतील.

घरातील सर्वांना नमस्कार.

आपली नम्र,
कार्यक्रम अधिकारी,
राष्ट्रीय सेवा योजना