बेरीज नंतर करा : आरोग्यमंत्र्यांना खुले पत्र

मा. आरोग्यमंत्री,
स. न. वि. वि.

समुपदेशकांसाठी नियम करायचे म्हटले की पदवी कोणती आणि अनुभव किती, यावरच गाडी अडते. तेही हवेच. पण मला पहिल्या भेटीविषयी, म्हणजे मूल्यमापनाविषयी लिहायचे आहे. आमच्या हातून होणाऱ्या बऱ्याच चुका तिथेच होतात.

पीएचक्यू-९ ही नैराश्याची लक्षणे मोजणारी प्रश्नावली आपल्या खात्याला परिचित असेलच. गेल्या दोन आठवड्यांबद्दल ९ प्रश्न, प्रत्येकाला ० ते ३ गुण, बेरीज जास्तीत जास्त २७. १० किंवा त्याहून अधिक आले, तर नैराश्य आहे का हे नीट तपासा, एवढेच ती सांगते. निदान ती करत नाही.

मी नवखी असताना एकाची बेरीज ७ आली. ‘सौम्य’ असा शेरा मारून मी कागद फाईलला लावला. नववा प्रश्न मरणाच्या किंवा स्वतःला इजा करण्याच्या विचारांबद्दल असतो. त्यापुढचा १ मी बेरजेत धरला, पण वाचला नाही. पुढच्या भेटीत तोच म्हणाला, “तुम्ही त्याबद्दल विचाराल असं वाटलं होतं.”

तेव्हापासून बेरीज मी शेवटी करते. नववे उत्तर आधी पाहते, आणि तिथे शून्य असले तरी तोंडी विचारते. उलटही घडते. आकडा १८ येतो आणि मुळाशी थायरॉइड निघतो, किंवा महिन्यापूर्वी घरात झालेला मृत्यू.

याहून अवघड प्रश्न निकाल कोणाचा, हा. कंपनीने नेमलेल्या समुपदेशकाला पगार कंपनी देते आणि मनातले कर्मचारी सांगतो. मग वरून फोन येतो : “तपशील नको, फक्त स्कोअर सांगा.” जणू स्कोअर हा तपशीलच नाही! समुपदेशक नोकरीवर असेल, तर अशा वेळी एकट्याने ‘नाही’ म्हणणे सोपे नसते. त्याच्या पाठीशी कायदा हवा.

म्हणून चाचणीआधीच, सल्लार्थीला समजेल अशा भाषेत, ती कशासाठी आहे, निकाल कोण पाहणार आणि गोपनीयता कुठे संपते हे सांगणे बंधनकारक करा. जिवाला धोका, मुलावर होणारा अत्याचार, न्यायालयाचा आदेश असे अपवाद आधीच कळले, तर किती बोलायचे ते तो ठरवू शकतो. सगळे सांगून झाल्यावर अपवाद ऐकवणे ही फसवणूकच. हे अपवाद सोडून, लेखी संमतीशिवाय आकडासुद्धा बाहेर जाऊ नये. आणि भाषांतर केले म्हणजे चाचणी त्या भाषेत चालते असे नाही. त्या भाषेच्या लोकांवर ती पडताळलेली असावी लागते.

आणखी एक. त्या दिवशी माझी फाईल एखाद्या अनुभवी समुपदेशकाने उघडली असती, तर तो १ त्याला दिसला असता. सुपरव्हिजनचे, म्हणजे अनुभवी समुपदेशकाकडून आपले काम तपासून घेण्याचे, तास सक्तीचे करा आणि ते पगारी वेळेत धरा. नियमांच्या मसुद्यातून आधी ‘पगारी वेळेत’ हेच शब्द गळतील, म्हणून ते अधोरेखित करून पाठवते आहे.

आपली,
एक समुपदेशक