नवे मोड नकोत, वेळापत्रक हवे

मा. संपादक,

व्हॅलोरंटसारख्या सांघिक शूटर गेममध्ये आणखी मोड, म्हणजे खेळायचे वेगवेगळे प्रकार, यावेत, असे सुचवणारे पत्र आपल्या युवा पुरवणीत वाचले. मागणी समजण्यासारखी आहे. तोच स्पाइक (बॉम्ब) लावायचा, तोच निकामी करायचा, याचा कंटाळा येतोच. पण मोड वाढले की आहेत तेच खेळाडू वाटले जातात, हा मुद्दा त्या पत्रात कुठेच आला नाही.

पाच विरुद्ध पाचच्या सामन्याला दहा जण लागतात, तेही साधारण एका ताकदीचे. समजा, संध्याकाळी एका सर्व्हरवर १२०० जण सामना शोधताहेत. सहा मोड असले तर प्रत्येकी २००. त्यांची आयर्न ते रेडियंट अशा ताकदीच्या नऊ पायऱ्यांत वाटणी केली की एका पायरीवर २२ जण, म्हणजे जेमतेम दोन सामने. मध्यरात्रीनंतर गर्दी चौथाईवर आली की पाच-सहाच उरतात. आपल्याकडचं वडाप सीट भरल्याशिवाय हलत नाही, तसंच हे. मग मॅचमेकर, म्हणजे गेममधली जोड्या लावणारी यंत्रणा, एक तर ताटकळत ठेवतो, नाहीतर ताकदीची अट सैल करतो. खालच्या सिल्व्हरवाल्यासमोर बराच वरचा डायमंडवाला येतो, नवखा वैतागून गेम काढून टाकतो आणि रांग आणखी आटते. मुंबईऐवजी सिंगापूरचा सर्व्हर निवडून पाहणारेही आहेत. तिथे पिंग (सर्व्हरपर्यंत जाऊन यायला लागणारा वेळ) एवढा वाढतो की कोपऱ्यावर समोरचा दिसेपर्यंत आपण मेलेलो असतो.

ओव्हरवॉच या अशाच दुसऱ्या सांघिक शूटर गेमने २०२२ मध्ये दुसऱ्या आवृत्तीत संघ सहाचा पाचवर आणला तो एक टँक (पुढे राहून मार झेलणारा खेळाडू) कमी करून. टँक खेळायला फारसे कुणी तयार नसे आणि बाकीच्यांची रांग तुंबायची. त्याच वेळी ‘पुश’ हा नवा मोड आला आणि ‘असॉल्ट’ हा जुना मोड नेहमीच्या रांगेतून गेला. याला शहाणपणा म्हणतात.

शिवाय मोड म्हणजे नुसतं बटण नव्हे. व्हॅलोरंटची बंदुकांची सगळी मांडणी गेममधल्या पैशावर उभी आहे: सुरुवातीला ८०० क्रेडिट, वँडल रायफल २९०० ला, ऑपरेटर ही स्नायपर ४७०० ला. पैशाचा लगाम काढला की जो तो ऑपरेटर घेऊन कोपरा धरून बसेल. म्हणूनच २०२३ मध्ये टीम डेथमॅच (स्पाइक नाही, नुसती दोन संघांची मारामारी) आणताना खरेदीच काढून टाकावी लागली आणि तीन वेगळे नकाशे बनवावे लागले. एवढी मेहनत घ्यायची नसेल तर मोड न आणलेला बरा.

छोट्या मोडची गरज मात्र खरी आहे. तेरा फेऱ्या आधी जिंकायच्या सामन्याला ३५-४० मिनिटं सहज लागतात. विश्रामबाग काय, मिरज काय, गेमिंग कॅफेत तासावर पैसे मोजून खेळणाऱ्याचा दुसरा सामना निम्म्यात असतानाच वेळ संपते. सामना सोडला की दंड, आणि चौघांच्या शिव्या वेगळ्या. पाच फेऱ्या आधी जिंकायचा स्विफ्टप्ले हा छोटा मोड साधारण पंधरा मिनिटांत आटोपतो, त्यामुळे तो कायम राहिला हे योग्यच झालं. बाकीच्या गमतीच्या मोडना मिळून एकच जागा द्यावी आणि दर दोन आठवड्यांनी त्यातला मोड बदलावा. रेप्लिकेशन आणि एस्केलेशन हे व्हॅलोरंटचे गमतीचे मोड असेच आलटूनपालटून ठेवले गेले आहेत.

तरीही कुणाला अगदी वेगळं काही हवं असेल, तर कस्टम सामना, म्हणजे आपलीच माणसं जमवून खेळायचा सामना, आहेच. एकाने कस्टम लॉबी उघडायची, सर्व्हर मुंबई ठेवायचा, लॉबीत यायचा पार्टी कोड ग्रुपवर टाकायचा आणि ‘फक्त शेरिफ पिस्तूल’ किंवा ‘फक्त चाकू’ असा नियम आधीच ठरवायचा. तो गेम पाळून घेत नाही, आपणच पाळायचा. दहाऐवजी बारा जणांना बोलवावं, कारण ऐनवेळी कुणाची तरी वीज किंवा नेट जातंच. उरलेल्या दोघांना निरीक्षकाच्या जागेवरून सामना पाहता येतो.

– काही खेळाडू, विश्रामबाग, सांगली