गाइरांगरचं कयाकिंग आणि तारकर्लीचं सूचनापत्रक: एक तक्रार

प्रति,
व्यवस्थापक,
ग्राहक तक्रार विभाग,
पुणे कार्यालय

विषय: नॉर्वे क्रूझमधील १२ जून २०२५ रोजीच्या गाइरांगर येथील कयाकिंग व स्थलदर्शनाबाबत तक्रार आणि परताव्याची मागणी

महोदय,

आपल्या कंपनीतर्फे आम्ही चौघे, म्हणजे मी, माझे पती, आमची पंधरा वर्षांची मुलगी आणि माझे ६७ वर्षांचे वडील, नॉर्वेच्या क्रूझला गेलो होतो. परतल्यावर फोनवर तीनदा तक्रार केली. तिन्ही वेळा "वरिष्ठांना कळवतो" एवढंच उत्तर मिळालं, म्हणून आता लेखी कळवते आहे.

गाइरांगर फियोर्ड हा या सहलीचा गाभा होता. २००५ साली युनेस्कोने जागतिक वारशाच्या यादीत घेतलेला हा चिंचोळा, पंधरा किलोमीटर लांबीचा समुद्राचा फाटा. आपल्या माहितीपुस्तिकेत त्या दिवसाखाली ठळक अक्षरांत छापलं होतं: "सकाळी सात बहिणींच्या पायथ्याशी कयाकिंग, दुपारी गरुडमार्गावरून विहंगम दर्शन." सात बहिणी म्हणजे तिथल्या कड्यावरून शेजारी शेजारी कोसळणाऱ्या धबधब्याच्या सात धारा, आणि गरुडमार्ग म्हणजे फियोर्डच्या वर चढत जाणारा वळणांचा घाटरस्ता. कयाकिंग म्हणजे चिंचोळ्या, छोट्या होडीतून स्वतः वल्हवत जाणं. त्या एका ओळीसाठी माझ्या वडिलांनी सहलीला होकार दिला. ते सांगलीत, कृष्णेच्या घाटावर पोहत वाढले. महापुराचं पाणी पाहिलेला माणूस, पाण्याला घाबरणारा नव्हे.

त्या दिवशी पहाटे चारलाच ते डेकवर जाऊन उभे राहिले. सगळं ऐकलं होतं, वाचलं होतं, पण समोर आल्यावर कुणाला बोलवेना. दोन्ही बाजूंचे कडे पाण्यातून थेट वर जातात, काही ठिकाणी १,४०० मीटरपर्यंत. बर्फ वितळण्याचा हंगाम असल्याने सातही धारा वाहत होत्या, सर्वांत उंच धार जवळजवळ २५० मीटर मोकळी कोसळत होती. समोरच्या कड्यावर एकटा 'प्रियकर' नावाचा धबधबा. तो या बहिणींना पिढ्यान्‌पिढ्या मागणी घालतोय आणि त्या नकार देतायत, अशी तिथली कथा. कड्याच्या मध्यावर स्कागेफ्लो नावाचं जुनं शेतघर दिसलं. १९१६ पर्यंत तिथे माणसं राहत होती. लहान मुलं कड्यावरून पडू नयेत म्हणून त्यांना दोरीने बांधून ठेवत, असं सांगतात. वडील म्हणाले, "दुपारपर्यंत आपण याच्या खाली असू." ही सकाळ आम्हाला मिळाली, याबद्दल माझी काहीच तक्रार नाही.

तक्रार त्यानंतरच्या दिवसाबद्दल आहे.

कयाकिंगच्या केंद्रावर पोहोचताच तिथल्या गाइडने आमच्या कपड्यांकडे पाहिलं आणि थांबवलं. आम्ही सुती टी-शर्ट आणि सुती लेगिंग घातल्या होत्या, वरून विंडचीटर. आपल्या सूचनापत्रकात तेच लिहिलं होतं: "आरामदायी सुती कपडे, हाफ पँट, चप्पल, टोपी, सनस्क्रीन, टॉवेल." निघण्यापूर्वी मी आपल्या कार्यालयात दोनदा फोन करून विचारलं होतं की पाणी थंड असेल ना, गरम कपडे लागतील का. उत्तर मिळालं, "मॅडम, जून म्हणजे तिकडचा उन्हाळा, विंडचीटर पुरे."

गाइडने शांतपणे समजावलं. हवेपेक्षा पाणी शरीरातली उष्णता सुमारे पंचवीस पट वेगाने ओढून घेतं. कापूस पाणी धरून ठेवतो, लोकर ओली झाली तरी थोडी ऊब देते. थंड पाण्यात पडलेल्या माणसाचं पहिलं मिनिट श्वास आवरण्यात जातं, पुढची दहाएक मिनिटं हातपाय कामाचे राहतात, त्यानंतर पोहता येत असलं तरी त्याचा उपयोग नसतो. म्हणून नुसत्या सुती कपड्यांत तो कुणालाही पाण्यात नेणार नाही. आमच्या बुकिंगमध्ये ड्रायसूट, म्हणजे आत पाणी न शिरणारे पोशाख, घेतलेलेच नव्हते. त्याच्याकडे लोकरीचे जादा बनियन होते, तेही दोनच. वडिलांनी क्षणभरही न थांबता नातीकडे बोट दाखवलं. पती आणि मुलगी दोघांच्या कयाकमधून गेले. वडील आणि मी दीड तास काठावरच्या दगडांवर बसून राहिलो.

आणि ते दोघेही सात बहिणींपर्यंत गेलेच नाहीत. पहिल्यांदाच वल्हं हातात घेणाऱ्यांना इतक्या वेळात तिथवर नेऊन परत आणता येत नाही, शिवाय मोठ्या जहाजांच्या लाटा असतात, हे गाइडने सुरुवातीलाच सांगितलं. आमचा हा पहिलाच अनुभव आहे, हे बुकिंगच्या अर्जात मी स्वतः लिहिलं होतं. मग अर्जातली ती ओळ आपल्याकडे कुणी वाचली तरी का?

परत काठाला लागताना मुलीचा पाय शेवाळलेल्या दगडावरून घसरला आणि ती कमरेपर्यंत पाण्यात गेली. मिनिटाभरात गाइडने तिला बाहेर काढलं. त्या एका मिनिटाने तिची बोटं मिटेनात, वल्हं हातातून सुटलं, बोलताना दात वाजत होते. सुती लेगिंग पायांना चिकटून बसली होती. हे फियोर्डच्या मध्यावर झालं असतं तर, हा विचार मी आजही रात्री करते. तिला कोरडे कपडे, गरम पेय आणि स्वतःचं जॅकेट त्या गाइडने दिलं. आपले टूर मॅनेजर त्या वेळी तिथे नव्हते.

ते नव्हते, कारण ते बसमध्ये होते. आमच्या व्हाउचरवर कयाकिंगची वेळ ११ ते २ आणि गरुडमार्गाच्या बसची वेळ दीड, असं छापलं आहे. आदल्या संध्याकाळी मी हे त्यांच्या लक्षात आणून दिलं होतं. "बस थांबेल," ते म्हणाले. बस थांबली नाही. अकरा वळणांचा तो घाट, वरून दिसणारं गाव आणि फियोर्ड, हे सगळं आम्ही दुसऱ्या दिवशी सहप्रवाशांच्या मोबाइलवर पाहिलं.

घरी आल्यावर मी दोन वर्षांपूर्वीचं, आपल्याच कंपनीच्या तारकर्ली सहलीचं सूचनापत्रक काढलं. "पाण्यातील खेळ" या शीर्षकाखालचे सातही मुद्दे शब्दशः तेच आहेत, फक्त गावाचं नाव बदललेलं आहे. तारकर्लीच्या पाण्यात सुती टी-शर्ट चालतो. वितळलेल्या बर्फाचं पाणी येऊन मिळणाऱ्या फियोर्डमध्ये तोच सल्ला माणसाच्या जिवावर बेतू शकतो. पैशांपेक्षा मला याचा जास्त राग आहे.

आपल्या प्रतिनिधीने फोनवर "हवामान आणि स्थानिक चालकाचा निर्णय" या अटीकडे बोट दाखवलं. त्या दिवशी ऊन होतं, वारा नव्हता, फोटो सोबत आहेत. स्थानिक चालकाने, म्हणजे कयाकिंगच्या गाइडने, योग्य तोच निर्णय घेतला. चूक त्याच्यापर्यंत पोहोचण्याआधी, आपल्या कार्यालयात झाली होती.

चौघांच्या कयाकिंगचे ५८,००० रुपये आणि स्थलदर्शनाचे २४,८०० रुपये, एकूण ८२,८०० रुपये परत मिळावेत. पती आणि मुलगी तासभर काठाकाठाने वल्हवून आली, पण आपण विकलं ते हे नव्हतं, म्हणून त्यांची रक्कमही मी मागते आहे. त्याआधी मात्र एक काम आजच करा. या हंगामात नॉर्वेला निघालेल्या प्रत्येक ग्राहकाला दुरुस्त सूचनापत्रक पाठवा: लोकरीचे आतले कपडे, सुती काही नको, ड्रायसूट बुकिंगमध्ये आहे की नाही, आणि नवशिक्यांना नेमकं कुठपर्यंत नेतात. त्याची एक प्रत मलाही पाठवावी.

पंधरा दिवसांत लेखी उत्तर न आल्यास ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ अन्वये सांगलीच्या जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाईन. व्हाउचर, पावत्या, दोन्ही सूचनापत्रकं आणि फोटो सोबत जोडले आहेत.

वडिलांनी माझ्याकडे एकदाही तक्रार केलेली नाही. तुम्ही फोन केलात तर त्यांच्याशीही बोला.

आपली,
एक ग्राहक
सांगली