भिंतीचं भांडण तू जिंकलास

रत्नागिरी,
शिमगा उरकल्यावरचा पहिला रविवार

प्रिय सुध्या,

सप्रेम नमस्कार.

पत्र बघून दचकू नकोस. सगळे ठीक आहेत. फोनवर हे सांगायला गेलो असतो तर पहिल्याच वाक्याला तू हसला असतास आणि पुढचं राहून गेलं असतं, म्हणून लिहितोय. आधी मुद्द्याचं: भिंतीच्या बाबतीत तू बरोबर होतास. पश्चिमेच्या भिंतीला गिलावा कर म्हणून तू चार वर्षांपूर्वी घसा कोरडा केला होतास आणि मी म्हटलं होतं, अण्णांच्या खाणीचा जांभ्याचा चिरा आहे, लालबुंद दिसतोय, त्याच्यावर सिमेंट थापून काय मिळवायचंय? तीन पावसाळे ढकलले. चौथ्याला आतल्या रंगाला पोपडे आले, कपाटामागे बुरशी धरली. तुला कळवलं नाही कारण तुझं ते "सांगितलं होतं ना" ऐकायचं नव्हतं.

पण मला पटलं ते घरात नाही, जुन्या गोव्यात. तुझ्या गुडघ्याने ऐनवेळी दगा दिल्यामुळे तुमची दोन तिकिटं रद्द केली, आम्ही दोघंच गेलो. मांडवी एक्स्प्रेसने करमळीला उतरायचं, तिथून जुनं गोवं अगदी जवळ. पर्यटक मंडळी पणजीत राहून इथे अर्ध्या दिवसात येऊन जातात. आम्ही दोन दिवस काढले, तरी तुझी वहिनी म्हणते की मी निम्मा वेळ भिंतींनाच बघत होतो. खरंय ते.

तुला कल्पना यावी म्हणून सांगतो, हे शहर म्हणजे शहर नाहीच. भर उन्हात हिरवळ, मधून जाणारा रस्ता आणि इकडेतिकडे विराट चर्चेस. घरं नाहीत. एके काळी इथे दोन लाखांच्या आसपास वस्ती होती म्हणतात. ज्याने गोवा पाहिला त्याला लिस्बन पाहायची गरज नाही, अशी पोर्तुगिजांत म्हणच होती. मग पटकी आणि हिवतापाने माणसं पटापट मेली. १७५९ साली व्हाइसरॉयनेच मुक्काम पणजीला हलवला, आणि १८४३ मध्ये पणजी रीतसर राजधानी झाली. रिकाम्या वाड्यांचे चिरे उचलून पणजीच्या बांधकामाला वापरले. घर पाडलं तरी चिरा मरत नाही, असं अण्णा म्हणायचे. इथे अख्ख्या शहराचं तसं झालंय.

से कॅथेड्रलपासून सुरुवात केली. 'से' म्हणजे आसन, बिशपाचं पीठ. संत कातारिनाच्या नावाचं आहे, कारण आफोन्सो द आल्बुकर्कने आदिलशहाकडून हे गाव जिंकलं तो २५ नोव्हेंबर १५१०, तिच्या सणाचा दिवस. बांधायला घेतलं १५६२ साली, इमारत उभी झाली १६१९ला आणि आतल्या वेद्या पुऱ्या व्हायला १६५२ उजाडलं. नव्वद वर्षं! आणि माझ्या स्लॅबला आठ महिने लागले म्हणून तू मला आजवर हिणवतोस. लांबी जवळजवळ अडीचशे फूट. आत शिरलं की आवाज आपोआप खाली येतो. मुख्य वेदीवर कातारिनाच्या आयुष्यातले प्रसंग कोरलेत, सगळं सोनेरी. बाहेर मात्र साधी पांढरी भिंत. पूर्वी दोन मनोरे होते, त्यातला एक १७७६ साली पडला तो कोणी परत बांधलाच नाही. वहिनी म्हणाली, "बिचारं एका हाताने उभं आहे." उरलेल्या मनोऱ्यात मोठी घंटा आहे, तिच्या नादामुळे तिला सोन्याची घंटा म्हणतात. इन्क्विझिशनच्या, म्हणजे चर्चच्या धर्मन्यायालयाच्या, शिक्षा जाहीर व्हायच्या तेव्हा हीच वाजायची म्हणे. त्या इन्क्विझिशनचा वाडा याच चौकात होता. १५६० ते १८१२, मधली चार वर्षं सोडली तर अडीचशे वर्षं तो कारभार चालला. आता तिथे काहीही नाही. गवत आहे. फोटो काढणारी एक नवपरिणीत जोडी होती. आमच्याच्याने तिथे फार वेळ उभं राहवलं नाही.

आता गिलाव्याकडे येतो. कॅथेड्रलच्या समोर, रस्त्यापलीकडे बाँ जेझूस. सेंट झेवियरचं शव जिथे आहे ते. १५९४ला पाया घातला, १६०५ला पूर्ण. आजूबाजूचं सगळं पांढरं आणि हे एकटंच लाल. सगळ्या पोस्टरांवर हेच असतं, कारण लाल चिऱ्यामुळे ते पुरातन वाटतं. आमच्या शेजारी एक गाइड आपल्या बसच्या लोकांना सांगत होता, "बघा, चारशे वर्षांपूर्वी जसंच्या तसं." मला राहवेना. सुध्या, ते जसंच्या तसं नाही! त्यालाही चुन्याचा गिलावा होता, तेही पांढरंच होतं. १९५०च्या दशकात बाल्ताझार कास्त्रो नावाच्या पोर्तुगीज वास्तुतज्ज्ञाने तो खरवडून काढला, इमारत जुनी दिसावी म्हणून. जी साडेतीनशे वर्षांची होती ती जुनी दिसावी म्हणून! माझ्यासारखाच शहाणा. फरक इतकाच, की मी घराला कपडे घातलेच नाहीत आणि याने घातलेले उतरवले.

मी बाजूच्या भिंतीशी गेलो आणि हात लावला. चिऱ्यावर मधमाश्यांच्या पोळ्यासारखी भोकं पडलीत. तुला माहितीये ती कशी पडतात: खाणीतून निघाला की चिरा मऊ, वारं लागलं की कडक, इथवर आपण सगळ्यांना सांगतो. पुढचं सांगत नाही, की दर पावसात त्याच्या पोटातली माती थोडी थोडी वाहून जाते आणि नुसता लोखंडी सांगाडा उरतो. बोटांना लाल भुगा आला. अगदी माझ्या पश्चिमेच्या भिंतीला येतो तसाच, त्याच रंगाचा. मी बोटं बघत उभा आणि मागून रखवालदार कोकणीत ओरडला, हात लावू नका. बरोबर होतं त्याचं. मी रुमालाला हात पुसले, तो रुमाल वहिनीने अजून धुतलेला नाही, पुरावा म्हणून ठेवलाय. गिलावा परत चढवावा की नाही यावर तिथे वाद चालू आहे. चर्चच्या लोकांनीच मागणी केली होती की चढवा. पण आता दोन-तीन पिढ्यांना लाल रंगाचीच सवय झालीय, पांढरं केलं तर लोक म्हणतील वाट लावली.

दर्शनी भागातला काळा दगड मात्र अजून धारदार आहे. तो वसईहून आणलेला. चिमाजी अप्पांनी वसई घेतली १७३९ला, त्याच्या सव्वाशेहून जास्त वर्षं आधी हा दगड तिथून निघून इथे आला. बसाल्ट तो बसाल्टच. आपल्या चिऱ्याचा स्वभाव वेगळा, त्याला पांघरूण लागतं.

आतलं थोडक्यात सांगतो, कारण गर्दीत धड काही दिसलं नाही. झेवियर ३ डिसेंबर १५५२ रोजी चीनच्या किनाऱ्याजवळ वारला, शव १५५४ला गोव्यात आलं. खालचा संगमरवरी चौथरा इटलीतल्या तिसऱ्या कोझिमो मेदिचीची भेट, फोजिनी नावाच्या शिल्पकाराने दहा वर्षं खपून केलेला, १६९८ला इथे आणून जोडला. वरची चांदीची पेटी मात्र गोव्यातल्या सोनारांची, त्याच्या साठ वर्षं आधीची. माझे डोळे पेटीवरच खिळले. असलं काम आपल्याकडचे हात करत होते आणि नाव कोणाचंच लिहिलेलं नाही.

म्युझियम कॅथेड्रलच्या आवारातच आहे, सेंट फ्रान्सिसच्या जुन्या मठात. पुरातत्त्व खात्याने १९६४ला सुरू केलं. आत शिरलं की ब्राँझचा भलाथोरला आल्बुकर्क. मी वहिनीला म्हटलं, पाया पड, आपलं वर्षभराचं पोट याच्या नावावर आहे. आफोन्सो, आल्फान्सो, हापूस! दर मे महिन्यात आपण पेट्यांवर याचंच नाव छापतो आणि या गृहस्थाला पत्ताच नाही. वीरगळ, सतीशिळा असं बरंच आहे, पण सगळी जत्रा वरच्या दालनात, गव्हर्नर-व्हाइसरॉयांच्या तसबिरींपाशी. १५४७ साली जुआंव द कास्त्रोने हा संग्रह सुरू करवला आणि चित्रं काढली ती इथल्याच एका चित्रकाराने. ओळीने उभे आहेत सगळे, दाढ्या, तलवारी, चिलखतं. पुढे प्रत्येक पिढीने दुरुस्ती म्हणून वर रंग चढवलाय, त्यामुळे कित्येक साहेबांचे चेहरे सख्ख्या भावांसारखे दिसतात. रंगकाम वरवर, आत ओल. मला परत भिंत आठवली.

बाय द वे, हे लोक गेले पण आपल्या धंद्यात सगळीकडे बसलेत. घमेलं त्यांचं, चावी त्यांची, बिजागरी त्यांची. आपण गड्यांना देतो तो पगार त्यांचा. आणि गावात एक सरळ मोठा रस्ता होता, रुआ दिरेइता, तिथे रोज सकाळी सतरा जिनसांचा लिलाव व्हायचा. लिलाव हा शब्दही त्यांचाच. आता त्या रस्त्यावर नारळपाणीवाला आहे, भाव करत नाही.

दुसऱ्या दिवशी टेकडी चढलो. सांता मोनिकाच्या मठात ख्रिस्ती कलेचं म्युझियम आहे. हे आवर्जून बघ. हस्तिदंताच्या मूर्ती बघताना मजा येते: बाळ येशू मेंढपाळ होऊन डोंगरावर बसलाय, डोळे मिटलेले, पाय दुमडलेले, आणि चेहरा थेट आपल्याकडच्या देवांसारखा. कोरणाऱ्याच्या हाताला जी सवय ती सुटणार कशी? चांदीचा एक पेलिकन पक्षी आहे, स्वतःची छाती फोडून पिल्लांना रक्त पाजणारा. तुझी वहिनी त्याच्यापुढून हलेना. मी काही बोललो नाही.

त्याच्या समोरच सेंट ऑगस्टिनचे अवशेष. इथे तू पाहिजे होतास. चिऱ्याचा एकच मनोरा उभा, तोही अर्धा फाटलेला, उंची ४६ मीटर. दीडशे फूट चिरा, सुध्या! दुसऱ्या मजल्यालाच तू तीनदा ओळंबा सोडतोस. १६०२ला पुरा झालेला. १८३५ला संन्याशांना हाकललं, चर्च ओस पडलं, १८४२ला छत कोसळलं आणि पुढे दर्शनी भिंतही गेली. घंटा १८७१ला पणजीच्या पायऱ्यांच्या चर्चात नेली, ती अजून तिथे वाजते. म्हणजे घंटासुद्धा चिऱ्यांच्या मागोमाग पणजीला गेली. या ढिगाऱ्यात जॉर्जियाच्या केतेवान राणीचे अवशेष सापडले. १६२४ला इराणमध्ये तिला हाल करून मारलं होतं आणि इथल्या संन्याशांनी तिची हाडं आणली होती. हैदराबादच्या प्रयोगशाळेने डीएनए तपासला आणि २०२१ला भारताने अवशेष जॉर्जियाला दिले. मनोऱ्याच्या सावलीत बसून आम्ही डब्यातल्या घावनांचा फडशा पाडला. वारा चांगला होता.

परतताना सेंट कायतानच्या आवारात एक दार बघितलं. नुसतं दार, मागे काही नाही. आदिलशहाच्या वाड्यात राहिलेलं तेवढंच. काळ्या दगडाचे खांब बघून मी थबकलो, ते देवळाचे आहेत. म्हणजे देवळाचा दगड सुलतानाने घेतला, सुलतानाचा वाडा पोर्तुगिजांनी घेतला, पोर्तुगिजांच्या वाड्यांचे चिरे पणजीने घेतले. पलीकडे नदीत दिवाडी बेट दिसतं. तिथलं सप्तकोटेश्वराचं देऊळ पाडलं, देव पलीकडच्या नार्व्याला गेला आणि १६६८ला शिवाजी महाराजांनी तिथलं देऊळ बांधवलं. फेरीबोटीने जायचा विचार होता, पण ऊन चढलं आणि गाडीची वेळ झाली. तो टप्पा तुझ्या गुडघ्यासाठी राखून ठेवलाय.

आता कामाचं. मृगाला दोन-सव्वादोन महिने आहेत. मला सिमेंटचा गिलावा नको, चिऱ्याला श्वास घेता येत नाही हे तूच म्हणाला होतास. चुन्याचाच करू. शिंपल्यांचा चुना मिळतो का ते मी साखरतरच्या बाजूला विचारून ठेवतो, भिजत घालायला वेळ लागेल. तू परात धरायची नाहीस, खुर्चीत बसून मला आणि गड्यांना शिव्या घालायच्या. पहिली पेटी उतरली की गाडी पाठवतो. चिऱ्यांमधल्या दरजा आधी खरवडायच्या की धुवायच्या, तेवढं उलटटपाली कळव.

ती. काकूंना नमस्कार, सुनबाईंना आणि पोरांना आशीर्वाद.

तुझा,
वश्या

ता. क. रुमाल दाखवीन. हसलास तर आंबे मिळणार नाहीत.