स्टेशनचा दगड जपा, संत्रा मार्केटचं गेट दाखवा

संपादक साहेब, नमस्कार. नागपुरात रेल्वे आली 1867 ला, पण आज दिसते ती सावनेरच्या वालुकाश्माची इमारत 1925 ची, म्हणजे शंभरी झाली तिची. आता नवीन काम सुरू आहे, होऊ द्या ना, दिल्ली-चेन्नई अन् मुंबई-हावडा दोन्ही लाईनी इथंच भेटतात, गर्दी तर राहणारच, पण त्या दगडावर पेंट मारू नका, फ्लेक्स लटकवू नका, हात जोडून विनंती आहे. अजून एक, महाल-इतवारीकडच्या लोकांना संत्रा मार्केटचं गेट सोयीचं, तरी बाहेरगावचे पाहुणे सामान ओढत मेन गेटलाच वळसा घालतात, तर चौकाचौकात त्या गेटचे मोठे बोर्ड लावा, मराठीत.

- एक प्रवासी, महाल, नागपूर