एकटी जाऊ नकोस

चि. रोहिणी हिस,
आईचे अनेक आशीर्वाद.

परवा गृहभेटीला गेलीस तेव्हा त्या बाईचा नवरा तुझ्या अंगावर धावून आला, हे मला बाळ्याकडून कळलं. त्याला रागावू नकोस, मीच खोदून विचारलं. तुझ्या कामात तोंड घालायचं नाही असं ठरवलं होतं. पण एवढं एक ऐक. कुणाच्या घरी एकटी जाऊ नकोस.

तुमचा बायका-मुलांसाठीचा विशेष कक्ष पोलीस ठाण्यातच असतो, म्हणून मी निर्धास्त होते. १९८४ पासून मुंबईत हे काम चालतं, समाजकार्य शिकून एमएसडब्ल्यू झालेल्या ताया ठाण्यात बसून बायांचं ऐकून घेतात, हे मी अंगणवाडीत सगळ्यांना सांगितलं. वस्तीत जावं लागतं, हे तू तेव्हा बोलली नाहीस.

दुसऱ्याच्या उंबऱ्यात पाय ठेवणं मला नवं नाही. पाणी दिलं तर प्यावं. वही लगेच काढू नये. सुनेला सासूदेखत “त्रास आहे का” असं विचारू नये. ती नाहीच म्हणणार, आणि आपली पाठ वळली की तिलाच भोगावं लागणार. हे तुमच्या मॅडमनी शिकवलं असेलच. मीच शिकवणी घ्यायला बसले, राग मानू नकोस.

खालच्या आळीतली ती दोन वर्षांची पोर आठवते? तू सहावीत होतीस, माझ्यासोबत आली होतीस. तुळईला काटा टांगून पोरीला झोळीत बसवलं, तर काटा साडेसात किलोच्या पुढे सरकेना. आईबाप दसऱ्यानंतर ऊसतोडीला, कोयत्यावर गेलेले, मुकादमाची उचल फिटेपर्यंत परतायची सोय नाही. पोर आजीपाशी, आणि आजीला धड दिसत नव्हतं. पोरीला काय खायला घालता, असं मी दोनदा विचारलं, म्हातारी गप्पच. मी वजनाच्या तक्त्यावर टिंब मांडत होते, तेवढ्यात तू विचारलंस, “आजी, तुम्ही काय जेवलात?” मग ती बोलायला लागली. चूल रोज पेटतच नव्हती गं. शेजारणीशी बोलून दोघींच्या भाकरीची सोय लावली. तेव्हापासून मला वाटतं, तुला हे काम यायचंच होतं.

आणि दिवाळीत तू घरगुती हिंसाचाराचा २००५ चा कायदा समजावून सांगितलास, घर बाईच्या नावावर नसलं तरी तिला असंच बाहेर काढता येत नाही म्हणून, तेव्हा आत्या भांडी घासायची थांबली होती. तू पाहिलं नसशील. दुसऱ्या दिवशी मला म्हणाली, “रोहिणी परत कधी येणार?”

आत्याला सासरहून आणायला पप्पा चार माणसं घेऊन गेले होते. चार माणसं असून त्यांचा हात मोडला. तू एकटी गेलीस.

मॅडमना स्पष्ट सांग. सोबत दुसरी मुलगी नाहीतर महिला पोलीस हवी. निघताना पत्ता बाळ्याला पाठवत जा. रात्र रात्र जागून भेटींचं रेकॉर्डिंग लिहितेस, जेवतेस का?

पप्पांना अजून काही बोलले नाही. ती बाई कुठे आहे आता? त्या रात्री तिला त्याच घरात राहावं लागलं का? माहेरी कुणी असेल तर त्यांना बोलावून घ्या. काय झालं ते कळव.

तुझी,
आई