मायनस नाइन देण्याआधी

सांगली, शुक्रवार

चि. निखिल यास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

मंगळवारी रात्री अडीच वाजता तुझा फोन आला आणि पावणेतीनला तू तो ठेवून दिलास. त्या पंधरा मिनिटांत आपण दोघे जे बोललो, त्यातले निम्मे बोलायला नको होते, हे सकाळी दूध तापवताना माझ्या लक्षात आले. "टॉमकॅट थांबतच नाही, मी आता मायनस नाइन देतो," हे तुझे वाक्य ऐकताच, म्हणजे जावाचा तो सर्व्हर तू जबरदस्तीने मारणार हे कळताच, मी आवाज चढवला, आणि "आई, तुझ्या वेळचं आता काही राहिलं नाही," असे तू म्हणालास. दुसऱ्या दिवशी सकाळी "दिला. झालं." एवढाच निरोप आला. संध्याकाळी ताईकडून कळले की झाले नव्हते. सेटलमेंटची फाईल अर्धवट राहिली होती आणि तू दुपारी चार वाजेपर्यंत न जेवता ती ओळीओळीने जुळवत बसला होतास. फोनवर पुन्हा वाद नको म्हणून हे पत्र लिहिते आहे. तुझ्या झोपेविषयी यात काही लिहायचे नाही, असे मी ठरवले आहे.

किल या आज्ञेचे नावच फसवे आहे. ती मुळात मारत नाही, प्रोसेसला, म्हणजे चालू असलेल्या प्रोग्रॅमला, संकेत पाठवते. नुसते किल लिहिले की जातो तो पंधरावा संकेत, सिग-टर्म, आणि तो प्रोसेसला ऐकता येतो: हातातले काम पुरे कर, फाईल बंद कर, डेटाबेसची जोडणी सोड आणि मग नीघ. मायनस नाइनचा नववा संकेत प्रोसेसपर्यंत पोहोचतच नाही, कर्नल, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा, तो परस्पर अमलात आणतो. त्यामुळे जावामधले शटडाउन हुक, म्हणजे बंद होताना चालणारे तुकडे, चालत नाहीत, फायनलीमधले शेवटच्या आवराआवरीचे कामही होत नाही. तुझ्या डेटाबेसने अपुरा व्यवहार आपोआप मागे घेतला असणार, कारण जोडणी तुटली की तो तेच करतो. पण फाईलला मागे जाता येत नाही. जेवढे कर्नलच्या हाती गेले होते तेवढे राहिले आणि प्रोग्रॅमच्या बफरमध्ये, म्हणजे मेमरीतल्या तात्पुरत्या साठ्यात, जे होते ते गेले. बुधवारी तू जुळवत बसलास त्या ओळी त्या बफरमध्ये होत्या.

आता तुझे टॉमकॅट थांबत का नव्हते, याविषयी. शटडाउनची आज्ञा दिली की ८००५ या पोर्टवर, म्हणजे जोडणीच्या दारावर, एक शब्द जातो आणि टॉमकॅट आपले पोर्ट मिटते. म्हणून तुला विनंत्या घेणारे ८०८० बंद दिसत होते आणि पीएसमध्ये, म्हणजे चालू प्रोसेसच्या यादीत, मात्र प्रोसेस तशीच होती. असे झाले की बहुतेक वेळा दोष टॉमकॅटचा नसतो. तुमच्या ॲप्लिकेशनने सुरू केलेला एखादा धागा (थ्रेड), जो डीमन, म्हणजे पाठीमागचा, म्हणून नोंदवलेला नाही, तो चालू असतो, आणि असा एक जरी धागा जिवंत असला तरी जेव्हीएम, म्हणजे जावा चालवणारी प्रोसेस, बाहेर पडत नाही. माझा कयास असा आहे की सेटलमेंटची फाईल लिहिणारा धागाच तो असावा. म्हणजे ज्याला तू अडकलेला समजलास, तो त्या घटकेला काम करत होता. त्याला दहा मिनिटे दिली असती तर कदाचित तो आपणहून संपला असता. कदाचित नसताही संपला. पण ते तुला पाहता आले असते, आणि माझे म्हणणे तेवढेच होते. ते मला नीट शब्दांत सांगता आले नाही.

पाहायचे कसे, तर किल मायनस थ्री. जावाची प्रोसेस त्या संकेताने मरत नाही. सगळे धागे त्या क्षणी कुठे उभे आहेत याची यादी ती लॉगमध्ये लिहून देते. दहा-दहा सेकंदांच्या अंतराने तीनदा दे. तिन्ही याद्यांत एखादा धागा त्याच ओळीवर थांबलेला दिसला तर तो अडकला आहे, आणि ओळ बदलत असेल तर तो चालतो आहे. मात्र हाच तिसरा संकेत एन्जिनएक्स या वेब सर्व्हरला दिलास तर त्याचा अर्थ "हातातल्या विनंत्या पुऱ्या करून बंद हो" असा होतो, म्हणून कोणाला काय पाठवतो आहेस हे आधी पाहा. अपाची या दुसऱ्या वेब सर्व्हरची तऱ्हा आणखी वेगळी. तो सावकाश थांबण्यासाठी सिग-विंच वापरतो, आणि तो मुळात खिडकीचा आकार बदलल्याचा संकेत आहे. अपाची टर्मिनलवर समोर चालवत ठेवून कोणी खिडकी लहानमोठी केली की तो शांतपणे बंद होऊ लागतो, आणि माणूस लॉगमध्ये कारण शोधत बसतो.

मायनस नाइन दिलास की हा सगळा पुरावा त्याच क्षणी पुसला जातो. तेच धागे पुढच्या मंगळवारी पुन्हा अडकतील, आणि तू पुन्हा रात्री अडीचला एकटा जागा असशील.

मी हे इतक्या पोटतिडकीने का सांगते ते तुला माहीत नाही, कारण त्या रात्री तू सहा वर्षांचा होतास. २००५ चा निकालाचा हंगाम होता. बाबा मुक्कामी गाडीवर होते आणि आक्कांना ताप होता, म्हणून तुला मी संगणक केंद्रात बरोबर नेले होते. एसीच्या गारठ्याने तू कुडकुडायला लागलास, तेव्हा दोन खुर्च्या जोडून तुला निजवले आणि मॉनिटरवर घालायच्या दोन कापडी खोळी अंगावर टाकल्या. अपाची अडकला की मुख्य प्रोसेसला सरळ मायनस नाइन देऊन पुन्हा सुरू करणारी एक स्क्रिप्ट आमच्याकडे कित्येक महिने चालत होती. ती मीच लिहिली होती आणि मला तिचा अभिमान होता. त्या रात्री अपाची सुरूच होईना. लॉगमध्ये "नो स्पेस लेफ्ट ऑन डिव्हाइस" असे येत होते, आणि डिस्क तर अर्धी रिकामी होती. मी तीनदा जागा तपासली, जुने लॉग पुसले, मशीन पुन्हा सुरू करायची हिंमत होईना कारण दुसऱ्या खोलीत त्याच मशीनवर गुणांची छपाई चालू होती. पहाटे साडेचारला आयपीसीएस चालवून पाहिले आणि पडदाभर यादी उतरली. अपाचीने कुलपासाठी, म्हणजे एका वेळी एकाच प्रोसेसला आत सोडण्यासाठी, कर्नलकडून घेतलेले सेमाफोर नावाच्या खुणांचे संच, प्रत्येक मायनस नाइनच्या वेळी मागे राहिलेले. आवरायला कोणी उरलेच नव्हते. त्या काळच्या कर्नलमध्ये अशा संचांची मर्यादा १२८ होती आणि ती भरली होती; लॉगमधली संपलेली जागा डिस्कवरची नव्हती, ही होती. मी एकेक क्रमांक टाकून ते काढत असताना तू उठून बसलास, खोळ खांद्यावर तशीच, आणि विचारलेस, "आई, आता घरी जायचं?" मी म्हटले, अजून थोडे. तू पुन्हा आडवा झालास. ते "अजून थोडे" मला आजही आठवते.

त्यानंतर दुपारी मी जे केले ते कोणाला सांगितलेले नाही. झोप न झाल्याने डोळ्यांवर धुके आले होते, आणि जुन्या पीआयडी फाईलमधला प्रोसेसचा क्रमांक न पडताळता मी किल दिले. तो क्रमांक तोवर दुसऱ्याच प्रोसेसला मिळाला होता. छपाई थांबली. वरिष्ठांनी मला उभे करून जे विचारले ते योग्यच विचारले.

म्हणजे पुन्हा मी झोपेवरच आले. राहवत नाही, तर लिहूनच टाकते. मायनस नाइन वाईट नाही, निखिल. ते अपुऱ्या झोपेत आणि एकट्याने द्यावे लागते याची मला भीती वाटते. बाबांच्या आटपाडीच्या गाडीची ती पहाट मी इथे काढणार नाही, तुला ती माहीत आहे.

तुझेही एक म्हणणे खरे होते आणि ते मी फोनवर मान्य केले नाही. लिनक्सवर सेवा सुरू-बंद करणारी सिस्टिमडीसुद्धा शेवटी तेच करते, असे तू म्हणालास. करते. पण ती आधी सिग-टर्म देते आणि, कोणी बदलले नसेल तर, ९० सेकंद थांबते. प्रोग्रॅम कंटेनरमध्ये चालवणारा डॉकर १० सेकंद थांबतो, असे अनेक कंटेनर सांभाळणारे कुबरनेटीस ३०. तुझी फाईल लिहायला किती वेळ लागतो हे मोजून तो आकडा ठरवणे हे तुमचे काम आहे, आणि ते दिवसाउजेडी, चारजणांनी बसून करायचे आहे. तसेच, जो सर्व्हर मायनस नाइन सोसू शकत नाही तो मुळात कच्चा बांधलेला आहे, हेही खरे. आमच्या भारनियमनाच्या दिवसांत वीज कुठला संकेत देऊन जात होती? फाईल आधी तात्पुरत्या नावाने लिहावी आणि पुरी झाल्यावरच नाव बदलावे, एवढे केले असते तर बुधवारी तुला जेवता आले असते. हे तू तुमच्या बैठकीत मांड. माझे नाव सांगायची गरज नाही.

आणि कधी मायनस नाइननेही प्रोसेस हलत नाही, तेव्हा घाबरून दहा वेळा देऊ नकोस. पीएसमध्ये तिच्यापुढे डी दिसत असेल तर ती कर्नलच्या आत डिस्कची किंवा दूरच्या एनएफएस फोल्डरची वाट पाहते आहे; ते फोल्डर जागेवर आले की संकेत आपोआप लागू पडेल. झेड दिसत असेल तर ती केव्हाच मेलेली आहे, फक्त तिच्या पालक प्रोसेसने नोंद घेतलेली नाही. आणि मारलेली प्रोसेस नव्या क्रमांकाने परत आली तर तिला सिस्टिमडी उठवते आहे. तेव्हा सिस्टिमडीला सांगूनच थांबव, दोघांनी एकाच दोरीला दोन बाजूंनी ओढू नये.

फार लांबले. तू विचारले नव्हतेस आणि मी पुन्हा वर्ग घेतला, याबद्दल राग मानू नकोस. खरे सांगायचे तर त्या रात्री फोन ठेवल्यावर मी अंधारात बसले होते आणि रागाच्या खाली कुठेतरी मला बरे वाटत होते, की माझा मुलगा एवढा मोठा सर्व्हर एकटा सांभाळतो आहे आणि अडला तेव्हा त्याने आईला फोन केला. शेजारच्या काकूंना मी दुसऱ्या दिवशी सांगितलेसुद्धा, अर्थात भांडणाचा भाग वगळून. नववीत तू बाबांच्या जुन्या संगणकावर लिनक्स घातलेस आणि त्यांचा सगळा हिशेब पुसला गेला, तेव्हा ते काही बोलले नव्हते. नवीन वही आणून पुन्हा लिहायला बसले.

शनिवारी ताई पुण्याला येते आहे. तिच्याबरोबर मेतकूट, शेंगदाण्याची चटणी आणि माझी निळी डायरी पाठवते आहे. डायरीत २००५ च्या पानावर आयपीसीएसची यादी हाताने उतरवलेली आहे. पुढचा मंगळवार तुझ्या पाळीचा आहे ना? पुन्हा थांबले नाही तर मायनस थ्रीच्या तिन्ही याद्या मला पाठव, मी नवा चष्मा केला आहे. आणि त्या रात्री तुमच्यापैकी आणखी एक जण जागा राहील का, हे मात्र आधीच विचारून ठेव.

तुझी,
आई

ता. क. : अडीच वाजले असले तरी फोन कर. मी आवाज चढवणार नाही.